हाकेच्या अंतरावरचा धबधबा

आमच्या घरात हळू बोलणं हा प्रकारच नव्हता. कारखाना उभा राहत होता आणि जमिनीत लोखंडी खांब ठोकणारा तो राक्षसी हातोडा दिवसभर धम्म… धम्म करत असायचा. दोन धम्मच्या मधल्या फटीत जेवढं बोलून होईल तेवढंच समोरच्याला कळायचं, म्हणून आम्ही सगळे तुकड्यातुकड्यांनी आणि ठणाणा ओरडून बोलायला शिकलो. "शके," धम्म, "दूध," धम्म, "उतू गेलं!" तोवर दूध खाली आणि शेगडी विझलेली. माझ्या आईचा आवाज तर असा तयार झाला की तिनं ओट्यावरून भाजीवाल्याला हाक मारली की तिकडे दुर्गच्या स्टेशनात गार्ड शिट्टी तोंडातून काढून इकडेतिकडे बघायचा. मी वाढवून सांगते आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या आईला ऐकलेलं नाही. बरं, थोडं वाढवलंय. दुर्ग नाही, पण पलीकडच्या सेक्टरपर्यंत नक्की.

बाबा खलाशी होते. समुद्रावरचे नव्हेत, समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नाही. भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांधावरून उठून ते थेट भिलाईच्या भट्टीच्या बांधकामावर आले, आणि दोर, साखळी, कप्पी लावून घराएवढं लोखंड वर चढवायचं काम शिकले. अशा कामात डोळ्यांपेक्षा कान मोठा, असं ते म्हणायचे. साखळी तुटायच्या आधी बोलते, दोर सुटायच्या आधी कुरकुरतो. रात्री खाटेवर पडल्या पडल्या बाबा म्हणायचे, "तीन नंबरच्या विंचीचं बेअरिंग गेलं बापा," आणि सकाळी साइटवर जाऊन बघावं तर विंच उघडून ठेवलेली. साऱ्या ब्लॉकात बाबांच्या कानाला देवासारखा मान होता. कुणाच्या सायकलीत काही वाजलं तरी लोक ती बाबांच्या कानापाशी आणून फिरवून दाखवायचे. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे याच कानानं आम्हाला कुठे नेलं ते सांगायचं आहे.

दोन खोल्यांच्या त्या क्वार्टरात आम्ही सात माणसं. पुढच्या खोलीत आम्ही पाच, मागच्या खोलीत नामदेवकाका आणि पारूकाकू. काका बाबांचा धाकटा भाऊ, वेल्डर. काकू माझ्यापेक्षा फार तर सहा-सात वर्षांनी मोठी. सकाळी ती लाखोरीची डाळ रगडायला बसली की मी तिच्यासमोर बसून थापा मारायची आणि ती पदर तोंडात कोंबून हसायची. माझ्या थापांचं पहिलं गिऱ्हाईक तीच. जामुलकडून दूध घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्याच्या सायकलीमागे रोज एक कोल्हा चालत येतो, ही बातमी मी तिला दिली तेव्हा तिनं आठवडाभर त्याच्या सायकलीमागे वाकून पाहिलं. मग म्हणाली, "शके, आज कोल्ला सुट्टीवर हाय वाटते."

काकूची दोन बाळं गेली होती. दोन्ही वेळा सहावा महिना. त्या कार्तिकात तिला पुन्हा सहावा लागला होता आणि आमच्या त्या ओरडणाऱ्या घराला पहिल्यांदा हळू बोलायची वेळ आली होती. उघड कुणी काही बोलायचं नाही. फक्त एक प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारला जायचा. आई पोळ्या लाटता लाटता मान न वळवता विचारायची, "हलते ना वो?" बाबा घरात शिरताना आईला विचारायचे, कारण भावजयीला थेट कसं विचारणार, "हलते ना मनावं?" आणि काकूचं उत्तर ठरलेलं. "हो बाई, नाचून राहिलं." एवढं ऐकलं की सगळ्यांचा श्वास सुटायचा आणि पुन्हा ओरडाआरडा सुरू. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं की ओझं उचलायचं नाही आणि फार चालायचं नाही. फार म्हणजे किती, ते तिनं सांगितलं नाही. तिथूनच माझं पाप सुरू होतं.

कार्तिकात आवळीभोजन करायचं असतं. आवळ्याच्या झाडाखाली चूल मांडायची, झाडाची पूजा करायची, त्याच्या सावलीत जेवायचं. गावाकडे हे इतकं सोपं होतं की त्याचा कुणी विचारसुद्धा केला नव्हता. भिलाईत झाड आणायचं कुठून? सेक्टरात झाडं लावली होती, रांगेनं, प्रत्येकाभोवती विटांचा गोल कठडा. पण कठडा कमरेएवढा आणि झाड गुडघ्याएवढं. त्यांच्या सावलीत बसायचं तर मुंगीच व्हायला हवं. एका दुपारी ओट्यावर बायका याच विवंचनेत बसल्या होत्या. काकूच्या सासरमाहेर दोन्हीकडून सांगावा आला होता की यंदा तिनं आवळीभोजन चुकवू नये, बाळासाठी चांगलं. तेव्हा शेजारच्या मंदामावशी म्हणाल्या, "अहो वहिनी, त्यात काय एवढं? आमच्या माहेरी चला ना. रायपूरला तात्यापाऱ्यात आमच्या आंगनातच आवळा आहे. केवढा म्हणून सांगू! तुम्हां गावाकडच्या लोकांना तर आवडेलच."

मंदामावशी वाईट नव्हत्या. पण त्यांचं तीन पिढ्यांचं रायपूर आणि आमचं कालपरवाचं भिलाई, हा फरक त्या चहाच्या कपाच्या कडेवर ठेवून द्यायच्या. आईचा चेहरा पडला. तो पडलेला मला बघवला नाही, हे माझं कारण. थापेची खाज सुटली होती, हे खरं कारण. मी म्हटलं, "तितकं दूर कावून जा लागते? आमची शाळा राजहऱ्याच्या खदानी पाहाले गेली होती ना, तवा आमाले धबधबा दाखवला. त्याच्या काठाले आवळ्याचं झाड हाय. रायपूरच्या आंगनात मावनार नाही एवढं!"

शाळेनं आम्हाला खाण दाखवली होती, हे खरं. धबधबा मी पाहिला नव्हता. तो बांधकामावर विटा वाहणाऱ्या सुकवारो नावाच्या रेजाबाईच्या तोंडून ऐकला होता. तिचं माहेर त्या बाजूचं. ती एवढंच म्हणाली होती की जंगलात झरना आहे आणि अंवऱ्याचं, म्हणजे आवळ्याचं, झाड आहे. बाकी सगळं मी घातलं. वाटेत हत्तीसारखे दोन दगड घातले. वाकलेलं मोहाचं झाड घातलं, बैलाच्या वशिंडासारखं. आणि आईनं जेव्हा काकूकडे बघून विचारलं, "सडकेपासून कितीक दूर?" तेव्हा मी जराही न अडखळता म्हटलं, "हाकेच्या अंतरावर."

आयुष्यात मी हजारो थापा मारल्या. नेहरू नगरातल्या या घरात आता नातवंडं माझ्या थापांना हिंदीतून हसतात, "आजी, फिर से फेंक रही है," आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण त्या दोन शब्दांचं अजून वाटतं.

गोष्ट तिथंच विरली असती तर बरं होतं. पण काकूनं धरून ठेवली. तिला जायचंच होतं. बाबांच्या ओळखीचे एक सरदारजी ट्रक घेऊन राजहऱ्याला जायचे. बाबांच्या सुट्टीच्या दिवशी ते आम्हाला सकाळी जंगलाच्या तोंडाशी उतरवतील आणि पाच वाजता तिथूनच उचलतील असं ठरलं. काकांची ड्यूटी होती. माझ्या धाकट्या दोघा भावंडांना शेजारी ठेवलं. ट्रक उजाडता उजाडता दारात आला तेव्हा काका काकूला केबिनमध्ये चढवून खाली उतरले आणि माझ्याकडे वळले. काका फार बोलत नसत. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्यांचे डोळे नेहमी लाल. म्हणाले, "शके, तुले रस्ता मालूम हाय म्हनून धाडून राहिलो. हळू चालवजो तिले." मी मान हलवली. ती मान हलवताना मानेत कुणीतरी खिळा ठोकतं आहे असं वाटलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ट्रक सुरू झाला होता, मागे गोवऱ्यांचं पोतं, कणकेचा डबा, वांगी, डाळ, पितळी गुंड, आई, मंदामावशी, बाबा, आणि गोवऱ्यांच्या पोत्यावर मी. मंदामावशी आल्या होत्या खास, झाड मोजायला.

उतरलो तेव्हा साडेआठ झाले असतील. सरदारजी धूळ उडवत गेले आणि एकदम इतकी शांतता पडली की आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. हातोड्याशिवायचं जग आम्ही विसरलो होतो. दोन्ही बाजूंना सरईची उंच सरळ झाडं, खाली बांबूची बेटं, पानापानांवर खाणीची लाल धूळ. समोर एक पायवाट आत शिरत होती. आईनं गुंड डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "चाल, दाखव." मी काकूचा हात धरला आणि चालू लागले, जणू रोज याच वाटेनं शाळेत जात होते.

पहिला हाकेचा पल्ला संपला. दुसरा संपला. "आता किती?" आईनं विचारलं. "आलंच." तिसरा, चौथा. मंदामावशी म्हणाल्या, "शकू, तुझी हाक फार दूर जाते गं." मी हसले. माझ्या पाठीवरून घाम असा वाहत होता की तोच धबधबा आहे असं दाखवून मोकळं व्हावंसं वाटलं. आणि तेव्हा, देवाशपथ सांगते, वळणावर दोन दगड दिसले. काळे, पाठीला पाठ लावून बसलेले. "हे पाय, हत्ती!" बाबा आनंदानं ओरडले. "बरोबर सांगतलं पोट्टीनं!" आता जंगलात दोन दगड असायचेच, आणि दोन दगड शेजारी असले की त्यांचे हत्ती व्हायचेच. पण माझा घाम गार पडला. पुढे तर वाकलेला मोहसुद्धा निघाला. मीच क्षणभर विचारात पडले की मी खरंच आले होते की काय इथं. थाप मारणाऱ्याला पकडलं जाण्याची भीती असते असं लोकांना वाटतं. त्याहून मोठी भीती थाप खरी निघत जाण्याची. मग थांबायला जागाच राहत नाही.

मोहापाशी वाट फुटली. एक उजवीकडे, एक डावीकडे. सगळे थांबून माझ्याकडे बघू लागले. आणि त्याच वेळी उजवीकडून, खूप लांबून, एक घरघर ऐकू आली. सारखी, जाड, जमिनीतून आल्यासारखी. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी हात वर केला आणि मान कलती करून ऐकलं. आम्ही सगळे श्वास धरून उभे, जसे सायकलवाले उभे राहायचे. "क्रशर," बाबा म्हणाले. "खदानीचा दगड फोडून राहिले तिकडे. नवा हाय, मोठा." आई म्हणाली, "अगंबाई, म्हंजे तिकडे धूळच धूळ. पारूले तिकडे नको न्या." मंदामावशींनी नाकाला पदरसुद्धा लावला. धूळ यायच्या आधीच. कारखान्याची माणसं आम्ही. घरघर ऐकली की यंत्र, आणि यंत्र म्हटलं की धूळ, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे पाठ फिरवायची, हे आमच्या पायांना आपोआप कळायचं. पाण्याचा आवाज असा असतो हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. गावाकडे पाणी म्हणजे बोडी, तळं, विहीर. ते कधी बोलत नसे. मी म्हटलं, "हो, डावीकडेच."

आम्ही धबधब्याला पाठ दाखवून दोन तास चाललो.

पहिल्या तासात गुंडातलं पाणी संपलं. दुसऱ्यात बोलणं संपलं. वाट फिरून फिरून, बारीक होत होत गवतात विरली. कुठेतरी झाडीत काहीतरी धडपडलं आणि मंदामावशी म्हणाल्या, "अस्वल तर नाही ना?" त्यावर कुणी हसलं नाही. मी काकूकडे बघायची हिंमत करत नव्हते, पण तिचा हात माझ्या हातात होता आणि तो हात मला सगळं सांगत होता. आधी तो कोरडा होता, मग ओला, मग गार. एका चढापाशी तिनं हात सोडवून घेतला आणि दगडावर बसली. ओठ पांढरे. एक तळवा पोटाखाली लावलेला, जणू भरलेला माठ धरला आहे. आईनं डोक्यावरचं सगळं खाली टाकलं. कणकेचा डबा उतारावरून गडगडत गेला, कुणी पाहिलं नाही.

"हलते ना वो?"

काकूनं मान वर केली. "हो बाई," ती म्हणाली. "नाचून राहिलं."

तेवढ्या शब्दांना मी अशी लोंबकळले जशी बाबांची माणसं दोराला लोंबकळायची. पण ते पांढरे ओठ माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. आधीच्या दोन्ही वेळची सकाळ मला आठवत होती. दारात उभ्या बायका, आतून काहीच आवाज नाही, आणि काका बाहेर विटांच्या कठड्यावर बसून त्या गुडघ्याएवढ्या झाडाला पाणी घालत राहिलेले. मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, मी इथी कदीच आली नाही. मले रस्ता मालूम नाही. मी खोटं सांगतलं."

जन्मात पहिल्यांदा सपाट, बिनमिठाचं खरं बोलले होते. वाटलं होतं आता थप्पड बसेल, आणि ती बसावी अशी माझी इच्छा होती. बाबा माझ्याकडे बघून थकलेलं हसले. "घाबरली पोट्टी."

"नाही बाबा, खरंच!"

"मंग हत्ती कोनं सांगतले? मोह कोनं सांगतला? मले येडा समजते का वो?"

आई म्हणाली, "शके, आता नाटक नोको करू. पारूचा जीव चालला अन् तुले भाव खा लागते? नीट आठव, पुढे काय होतं!" मंदामावशी माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "आठवेल, बेटा, आठवेल. शांतपणे विचार कर." तीन मोठी माणसं, हात जोडल्यासारखी, माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझ्या त्या तोंडात देण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी रडायला लागले. त्याचाही अर्थ त्यांनी असाच घेतला की आठवत नाही म्हणून रडते आहे.  फक्त काकू माझ्याकडे वेगळं बघत होती, कोल्हा सुट्टीवर आहे म्हणाली होती तेव्हा बघितलं होतं तसं.

सगळं गप्प झालं. आणि त्या गप्पपणात ती घरघर पुन्हा ऐकू आली. आता खूप लांब, डासाएवढी, पण होती. सारखी. मी रडता रडता ती ऐकत बसले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. भिलाईत मोठं झालेल्या पोराला एक गोष्ट कुणी न शिकवता येते: यंत्र कधी थांबतं ते. हातोडासुद्धा जेवायच्या सुट्टीत थांबायचा. त्या अर्ध्या तासात आई शेजारणींना सगळ्या गुपित गोष्टी सांगून घ्यायची, कारण तेव्हा हळू बोललेलं कळायचं. मी नाक पुसलं. "बाबा, किती वाजले?"

त्यांनी मनगट वर केलं. "साडेबारा होऊन गेले. कावून?"

"क्रशर जेवाले थांबत नाही का?"

बाबांनी पुन्हा मान कलती केली. या खेपेला फार वेळ ऐकलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. यंत्र दगड चावतं, गिळतं, मग पुढचा दगड येईस्तोवर दम घेतं. हा आवाज दम घेत नव्हता. "पानी हाय ते," बाबा हळूच म्हणाले. आईकडे न बघता. "सकाळपासून पानीच हाय ते." खाली बसून त्यांनी दोन्ही हातांनी आपले कान असे झाकले, जणू ते कुणाला दिसू नयेत.

खरं तर मला तेव्हाही पुढे होऊन म्हणता आलं असतं की चूक माझी. पण सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून उठून बाबांवर गेल्या होत्या, आणि मला श्वास घेता येत होता. मी त्या जाऊ दिल्या. हे लिहायला इतकी वर्षं लागली ती धबधब्यामुळे नाही, यामुळे.

परत फिरलो. आता पुढे बाबा, आवाजाच्या मागावर, वाट सोडून सरळ. मागे आई आणि मी, मध्ये काकू, तिचे दोन्ही हात आमच्या खांद्यांवर. दहा पावलं चालायची, थांबायचं. दहा पावलं, थांबायचं. पाच वाजता ट्रक. तो चुकला तर जंगलात रात्र, आणि रात्रीत काही झालं तर तिथं ना नर्स, ना दवाखाना, ना सुईण. दर वेळी थांबलो की बाबा घड्याळ बघायचे आणि मनगट शर्टाच्या बाहीत लपवायचे.

मोहाच्या जवळपास एक बाई भेटली. डोक्यावर टोपलं, त्यात आवळे. आम्हाला बघून ती थांबली, आणि आमच्याकडे नाही, काकूच्या पोटाकडे बघितलं. "कै महीना होगे?"

"छै," आई म्हणाली.

"राम राम! छै महीना के बाई ला अतेक रेंगा डारेव?" एवढं चालवलंत हिला, असं रागावत टोपलं खाली ठेवून तिनं कमरेचा पाण्याचा तुंबा सोडला आणि काकूच्या तोंडाला लावला. घोट घोट, मध्ये थांबवत. मग आवळा दिला चघळायला. झरना कुठे असं बाबांनी विचारलं तेव्हा ती अशी हसली की बाबांना जमिनीत शिरावंसं वाटलं असेल. "आवाज नइ सुनावत हे का?" मग काकूच्या कमरेला हात घालून ती स्वतःच पुढे झाली, आणि आम्ही तिचं टोपलं घेऊन मागून.

धबधबा होता. आता खरं काय ते सांगून टाकते: तीन माणसं खांद्यावर खांदा देऊन उभी राहतील एवढा उंच. लोकांना सांगताना मी त्याला पुष्कळ वाढवला आहे. काळ्या खडकावरून पाणी पडत होतं, खाली डोह, आणि डोहाच्या काठाला आवळा, बारीक पानांचा, फळांनी भरलेला. मंदामावशींनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आमच्या नशिबानं तो त्यांच्या अंगणातल्यापेक्षा मोठा असावा, कारण त्या काही बोलल्या नाहीत. आईनं खोडाला हळदकुंकू लावलं, सुताचा धागा गुंडाळला, आणि ती मंत्र म्हणावा तसं एकच म्हणत होती, "लेकराले सांभाळ माय, लेकराले सांभाळ." कणीक गेलेलीच होती, म्हणून पानगे नाहीत, गोवऱ्यांवर वांगी भाजली आणि ती मीठ लावून खाल्ली. सगळे खात होते आणि सगळे काकूकडे बघत होते. ती झाडाखाली पाण्यात पाय सोडून बसली होती, हात पोटावर ठेवून, अगदी न हलवता. हातातलं वांगं मी तसंच खाली ठेवलं. जवळ जाऊन मी विचारलं, "काकू, हलते ना?"

"कवाचं नाचून राहिलं," ती म्हणाली, आणि पाण्याकडे बघत राहिली.

ती टोपलंवाली बाई आम्हाला सडकेपर्यंत सोडायला आली, आम्हाला माहीत नसलेल्या वाटेनं, जी खरोखरच जवळची होती. ट्रक उभा होता, सरदारजी चाकावर टेकून बिडीवाल्या कुणाशी तरी भांडत. काकू केबिनमध्ये चढली आणि म्हणाली, "शकीले माह्याजवळ बसू द्या." मी मध्ये बसले. ट्रक निघाला. उन्हं उतरत होती, सरईच्या झाडांच्या सावल्या सडकेवर आडव्या पडल्या होत्या आणि ट्रक त्यांच्यावरून उडत चालला होता. मी डोळे मिटून माफी मागायचे शब्द जुळवत होते. एकही जुळेना, थापा जुळतात तसे ते जुळत नाहीत.

बालोदच्या अलीकडे कुठेतरी काकूनं माझं मनगट धरलं. नखं रुतली इतकं घट्ट. माझा तळवा ओढून तिनं पदराखाली, पोटाच्या उजव्या बाजूला दाबून धरला. काही नाही. मग एकदम आतून एक टोला बसला. लहान, रागीट. मग दुसरा.

काकूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती समोर सडकेकडे बघत होती. "आता हललं," ती पुटपुटली, माझ्या कानाला तोंड लावून, कारण इंजिनाचा आवाज होता. "सकाळी टरकातून उतरली तवापासून पयल्यांदा. सारा दिवस नाही हललं, शके."

मी तिच्याकडे बघत राहिले. दगडावर बसली होती तेव्हा. आईनं विचारलं तेव्हा. पाण्यात पाय सोडून बसली होती तेव्हा. प्रत्येक वेळी तेच उत्तर, तोच आवाज.

"मंग तू…"

"मंग काय सांगू? तू रडून राहिली होती. जाऊबाई घाबरल्या होत्या. भाऊजी कान झाकून बसले होते. मी बी रडली असती तर चाललं कोन असतं?"

माघ सरता सरता तिला मुलगी झाली, दवाखान्यात, रडायला लागली ती हातोड्यालाही गप्प करील अशी. पण त्या संध्याकाळी हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी फक्त माझ्या तळव्याखाली ते छोटे टोले होते, आणि ते थांबतील या भीतीनं मी बोटसुद्धा हलवत नव्हते.

सरदारजींनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. "क्या हुआ, बहनजी? तबीयत ठीक है?"

"हां, भैया," काकू म्हणाली. पदरानं डोळे पुसले. "धूल गई आँख में."

"और लड़की को?"

काकूनं माझ्याकडे पाहिलं. उत्तर द्यायची पाळी माझी होती.

"मेरे भी," मी म्हटलं. "बहुत धूल है."